वढवाण्याच्या पाळीवर एक सकाळ

बडोद्यात वर्षानुवर्षं राहूनही वढवाणा न पाहिलेली मराठी घरं बरीच असतील. आजवा, पावागढ, चांदोद, नारेश्वर या आपल्या ठरलेल्या सहली. वढवाण्याचं नाव फार तर थंडीच्या दिवसांत पेपरातल्या एखाद्या फोटोखाली वाचलेलं असतं. म्हणून यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तिथे काय पाहिलं, ते सांगतो.

आदल्या रात्री सायकल गाडीच्या मागे बांधून डभोईला मित्राकडे मुक्काम केला. मित्र झोपेतून उठणारा नव्हताच, पण त्याचे वडील, आमचे काका, सहाच्या आधी चहा उकळून तयार होते. काका शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांची जुनी काळी सायकल आणि माझी गिअरवाली, अशा दोन सायकली हिरा भागोळ मागे टाकून पूर्वेकडे निघाल्या. डभोईपासून तलाव सायकलने तासाभराचा रस्ता आहे.

या रस्त्याला सायकलच हवी. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडू लागलेला, मध्येच एरंडीची (आपल्या भाषेत दिवेल्याची) उंच शेतं, बांधावर केसुड्याची झाडं केशरी फुलांनी भरलेली. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टिटवी, कोतवाल, वेडे राघू सगळे आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. विजेच्या तारेवर एक नीलकंठ बसला होता. आम्ही त्याच्या खालून गेलो तरी हलला नाही.

तलाव आधी दिसत नाही. दिसते ती मातीची लांबच लांब पाळ. सायकली खाली लावून वर चढलो आणि समोर एकदम पाणी आलं, सुमारे ६३० हेक्टरचा परिसर. हा तलाव निसर्गाने केलेला नाही. तो १९१० साली बडोदा संस्थानाने, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात, शेतीसाठी बांधला. छप्पनिया दुष्काळाला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. ओरसंग नदीवर जोजव्याला बंधारा आहे. तिथून कालव्याने पावसाळ्याचं पाणी इथे आणून साठवायचं आणि नंतर पाटांनी गावोगाव सोडायचं, अशी ही रचना आहे. पंचवीस गावांच्या शेतीला तिचा आधार आहे. जी ओरसंग पुढे चांदोदला नर्मदेला मिळते, तिचंच हे पाणी. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला बफर म्हणतात. जास्त येईल तेव्हा धरून ठेवा, लागेल तेव्हा द्या.

पक्ष्यांना कोणी बोलावलं नव्हतं. शेतासाठी साठवलेलं उथळ पाणी आणि भोवती गहू-भाताची शेतं पाहून ते आपणहून येऊ लागले. एप्रिल २०२१ मध्ये वढवाण्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. इराणमधल्या रामसर शहरात १९७१ साली पाणथळ जागांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत आता आपल्या जिल्ह्यातला हा तलाव आहे.

काकांची दुर्बीण जुनी, पण डोळे पक्के. ते आधी काठाकडे बघायला लावतात. "लांबचं नंतर बघ रे, आधी पायाशी काय आहे ते बघ." पायाशी चिखलात लाल काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे चोची खुपसत होते. त्यापलीकडे गुडघाभर पाण्यात थापट्या बदकं पसरट चोचीने पाणी गाळत होती. अजून पुढे, खोल पाण्यात, लालसऱ्या एकदम बुडी मारून दिसेनाशा होत आणि भलतीकडेच वर येत. तांबूस डोक्याची, लाल चोचीची मोठी लालसरी पश्चिम भारतात फारशी दिसत नाही, पण वढवाण्याला ती दर हिवाळ्यात येते. काका म्हणाले, पाणी उतरतं तशा या तिन्ही पंगती आत सरकत जातात. पाणी एकदम उपसलं तर बुडीवाल्यांची पंगत उठते, उतरलंच नाही तर चिखलवाल्यांना पानच मांडलं जात नाही.

सगळ्यांत जास्त गर्दी होती ती काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पक्ष्यांची. मराठीत त्याला वारकरी म्हणतात आणि गुजरातीत भगतडुं. दोन्ही भाषांना त्याच्या कपाळाकडे बघून भक्तच आठवला, याची मला फार गंमत वाटली.

साडेसातच्या सुमाराला शेतांच्या बाजूने आवाज आला, नाकात बोलल्यासारखा. मग ओळीने राजहंस आले. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे, म्हणून पुस्तकात यांना पट्टकादंब म्हणतात. रात्री शेतात चरून ते पाण्यावर विसाव्याला येत होते. शे-दीडशे तरी असतील. हे तिबेट, मंगोलियाकडे अंडी घालतात आणि हिवाळ्याला हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. त्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी उंची मोजली, तेव्हा सर्वांत जास्त ७,२९० मीटर भरली. बहुतेक वेळ मात्र ते दऱ्याखिंडींतून, जमेल तितक्या खालून उडतात. विरळ हवेतला प्राणवायूही त्यांच्या रक्ताला चांगला पकडता येतो. मार्चमध्ये परतायचं म्हणजे आत्ता भरपूर खायला हवं, आणि ते खाणं असतं आपल्या शेतकऱ्याच्या शेतात.

पाळीखालच्या शेतात एक जण गव्हाला शेवटचं पाणी देत होता. पाटातून येणारं ते पाणी याच तलावाचं. मी विचारलं, हे पक्षी त्रास देत नाहीत का? तो फावड्याला टेकून हसला. "ए पण खाय ने अमे पण खाईए. हवे तो ए जवाना." डिसेंबरात कोवळा गहू खातात तेव्हा राग येतो, असंही त्याने सांगितलं. हाकलतोही म्हणाला. पण वढवाणा टिकला आहे तो अशा माणसांच्या सोसण्यावर, हे मला त्या शेताच्या बांधावर कळलं. त्याच्या पिकाला पाणी मिळालं नाही किंवा नुकसान सोसण्यापलीकडे गेलं, तर रामसरची पाटी काय करणार?

परत पाळीवर आलो तेव्हा काका वहीत लिहीत होते. साधी शाळेची वही. तारीख, पाणी कुठल्या खुणेपर्यंत आहे, राजहंस दिसले की नाही, एवढंच. अशा कितीतरी वह्या त्यांच्याकडे आहेत. हंस कधी आले, कधी गेले आणि तेव्हा पाणी किती होतं, हे त्यांत सलग लिहिलेलं आहे. दुपारी घरी बसून मी सगळ्या पानांचे फोटो काढले. आता रोज रात्री थोडं थोडं संगणकात भरतो आहे. ते पूर्ण झालं की ई-बर्डवर, जिथे जगभरचे पक्षीनिरीक्षक नोंदी टाकतात, काकांच्या नावाने चढवायचं ठरलं आहे.

"जुनं झालं हे. पुढचं कोण लिहिणार?" त्यांनी विचारलं. माझ्या कंपनीने जूनपासून पुण्याच्या ऑफिसात बोलावलं आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. काकांचे गुडघे आता कुरकुरतात आणि अंधारात एकट्याने सायकल काढायला घरचे नाही म्हणतात. मी दिवाळीला येईन तेव्हा जाईन, पण हंस पहिल्यांदा उतरतात त्या सकाळी मी इथे असेनच असं नाही.

म्हणून हा लेख. आपल्या मंडळात सायकली असलेली तरुण मुलं आहेत, निवृत्त मंडळी आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून दोन रविवार कोणी काकांच्या सोबतीला जाऊ शकेल का? पक्ष्यांची माहिती असायला हवी असं नाही, ती काका देतील. दुर्बीण, टोपी, पाणी आणि डबा घ्या, भडक कपडे टाळा, प्रवेशाची वेळ आणि शुल्क आधी विचारून घ्या आणि आणलेला कचरा परत घेऊन या. डभोईत चहाची सोय आहे, तिची काळजी काकू घेतात. इच्छुकांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावं. दिवाळी झाली की नवी वही मी पाठवतो.