कुणालाच पडलेली नव्हती

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री उशिरापर्यंत ऑफिसात बसले होते. समोरच्या काळ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली, 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड', आणि कीबोर्ड बंद पडला.

हा लिनक्स कर्नलचा खराखुरा एरर मेसेज आहे. एरवी कर्नलची भाषा कोरडी असते, त्यामुळे मला आधी हसूच आलं. १६ नंबरवर हाक आली आणि कुणालाच पडलेली नव्हती!

इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक. तुम्ही की दाबता, नेटवर्कवरून पॅकेट येतं, तेव्हा प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून तिकडे बघतो. हाक कुठून आली हे कळावं म्हणून लाइनींना नंबर असतात. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये अशा आठच लाइनी होत्या. ० वर टायमर, १ वर कीबोर्ड. १९८४च्या एटी मॉडेलमध्ये आणखी एक आठ लाइनींची चिप आली, पण ती पहिलीच्या २ नंबरला जोडली, म्हणून हाताशी पंधराच उरल्या. डिव्हाइस वाढत गेले, लाइनी पुरेनात. मग एकाच लाइनवर दोघंतिघं राहू लागले.

अशा सामायिक लाइनवर हाक आली की कर्नल तिथल्या ड्रायव्हरांना विचारतो, तुझ्या डिव्हाइसची का? ड्रायव्हर रजिस्टर बघून सांगतो, 'हो, बघितलं' किंवा 'माझी नाही'. सगळेच 'माझी नाही' म्हणाले तर डिव्हाइस ओरडतच राहतो. कर्नल मोजत असतो. एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाल्या की तो ती ओळ छापतो आणि लाइन बंद करतो. नाहीतर प्रोसेसरला दुसरं काही सुचणारच नाही.

चूक माझ्या ड्रायव्हरची होती. मी चुकीचं रजिस्टर वाचत होते, त्यामुळे हाक माझ्याच कार्डाची असूनही तो 'माझी नाही' म्हणत होता. कीबोर्डचा यूएसबी कंट्रोलर त्याच लाइनवर, म्हणून तोही गेला. रजिस्टरचा पत्ता बदलला, सगळं सुरळीत झालं.

घरी जाताना कॅबमध्ये फोन उघडला. आमचा 'घर' नावाचा ग्रुप आहे. आई, दादा, ताई आणि मी. बाबा गेल्यापासून आई गावी एकटीच असते. ग्रुप बरेच दिवस शांत होता. मी वर सरकवत गेले.

जून : 'डाव्या डोळ्याने कडेचं नीट दिसत नाही.' तिघांनीही वाचलेलं. मला वाटलं होतं दादा बघेल, मोठा आहे. दादाला वाटलं ताई बघेल, ती जवळ राहते. ताईला वाटलं मी बघेन, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट मीच घेते.

आठवड्याने : 'आज पायरी चुकले.' ताईचं उत्तर, 'काळजी घे गं.'

जुलै : 'डोळा तसाच आहे.'

त्यानंतर काही नाही. रोज सकाळी येणारी फुलंसुद्धा नाहीत. इथे लाइन आईनेच बंद केली होती.

तपासणीत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आई, आधी सांगायचंस ना." ती चष्मा पुसत म्हणाली, "सांगितलं होतं की रे."

आताच्या बहुतेक कार्डांना सामायिक लाइन लागत नाही. एमएसआय नावाच्या पद्धतीत कार्ड ठरलेल्या पत्त्यावर ठरलेला आकडा लिहितं. हाक कुणासाठी, ते हाकेतच असतं. विचारत फिरावं लागत नाही. आईला मी हे सगळं सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं, डोळ्याचं ग्रुपवर नको, मला लिहीत जा.

रोज रात्री नऊला तिचा मेसेज येतो, 'थेंब घातले.' मी लगेच उत्तर देते. परवा मी क्लायंटच्या कॉलवर होते. बारा मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात दुसरा मेसेज आला होता, 'कामात असशील. राहू दे.'

मी कॉल अर्धवट सोडून तिला फोन लावला.