खाली प्लास्टिक, वर लुगडं

घरात उभ्या केलेल्या गाडीला पावसाचं भय नसतं, ओलीचं असतं. पाऊस दिसतो, ऐकू येतो, तो आला की माणूस धावतो. ओल जमिनीतून, भिंतीतून, दाराच्या फटीतून येते आणि क्रोमवर तपकिरी ठिपके उमटले की मगच कळते. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी धरते, आगपेटीची काडी ओढली की गुलच गळून पडतो. अशा घरात लोखंड, रंग, रबर, रेक्झिन आणि पेट्रोल यांची मिळून झालेली एक वस्तू पावसाळाभर जपायची, हे काम लहानपणापासून मी पाहत आले. आता ते माझ्याकडे आहे.

आमची गाडी जावा. मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला आणि १९६१ पासून या चेक बनावटीच्या अडीचशे सीसीच्या गाड्या तिथं तयार होऊ लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात नाव येझदी झालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतली ती सेकंडहँड, पण टाकीवर अजून ‘जावा’ लिहिलेली. किरमिजी रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि किक मारायचा दांडाच पुढे झोपवला की गिअरचा होणारा. आप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शाळा डोंगरापलीकडच्या वाडीत. मधे पऱ्या होता आणि त्याच्यावर दोन माणसांनी एकमेकांना वाट देत जावं एवढाच साकव. उन्हाळ्यात गाडी पऱ्याच्या कोरड्या पात्रातून जायची. मृग लागला की पात्र भरायचं, आप्पा छत्री घेऊन साकवावरून चालत शाळेला जायचे आणि गाडी पडवीत यायची ती दसऱ्यापर्यंत.

तिला आत घेण्याचा दिवस ठरलेला नसे. पहिला पाऊस होऊन दोन दिवस लख्ख ऊन पडलं की आप्पा म्हणत, “आज घेऊ.” आधी विहिरीच्या पाण्याने धुवायची, कारण गाव खाडीपासून फार लांब नाही आणि खारा वारा धातूवर बसलेला असतो. मग अंगणात पार कोरडी होईस्तोवर उन्हात. त्यानंतरचं काम मला सगळ्यांत आवडायचं. गाडी चालू करून आप्पा पेट्रोलचा कॉक बंद करीत आणि तशीच चालू ठेवीत. काही वेळ काहीच होत नसे. मग इंजिनाचा आवाज एकाएकी चढायचा, जणू कुणी न धरताच मूठ पिळली गेली, आणि एक-दोन आचके देऊन गाडी बंद पडायची. कार्बोरेटर रिकामा झाला. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात ऑईल मिसळलेलं असतं; ते कार्बोरेटरात राहिलं तर पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते, ती जेटचं बारीक भोक बुजवते. दसऱ्याला गाडी चालू न होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच, असं आप्पा म्हणत, आणि पुढे भेटलेल्या प्रत्येक मेकॅनिकनेही तेच सांगितलं.

नंतर प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑईल आत सोडायचं, किक हाताने हळूहळू दाबून ते सिलिंडरभर फिरवायचं, मग प्लग परत लावून पुन्हा दाबायचं आणि दांड्याला आतून अडथळा जाणवला की थांबायचं. पिस्टन वर आला की सायलेन्सरकडे जाणारं दार बंद होतं, मग बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. सायलेन्सरच्या दोन्ही तोंडांत फडक्याचे बोळे. उंदीर आणि गांधीलमाश्या, दोघांनाही ती नळी पसंत असते. बोळे लाल कापडाचे आणि त्यांची शेपटी बाहेर लोंबती, म्हणजे दसऱ्याच्या घाईत कुणी ते काढायला विसरणार नाही. क्रोमला व्हॅसलीनचा पातळ हात. बॅटरी काढून माजघरातल्या फळीवर, आणि अधूनमधून बाजाराच्या दिवशी तालुक्याला चार्जिंगला. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर आतल्या शिशाच्या पाट्यांवर पांढरा थर धरतो आणि मग ती पुन्हा नीट भरत नाही.

इथपर्यंतचं काम आप्पांचं. पुढचं आईचं, आणि माझ्या मते खरी राखण तिथंच सुरू व्हायची.

पडवीची जमीन शेणाने सारवलेली. आषाढात ती हाताला गार लागायची आणि उचललेल्या पाटाखाली ओला चौकोन दिसायचा. म्हणून गाडीच्या जागी आधी खताच्या गोणीतलं प्लास्टिक अंथरायचं, तेही चांगलं धुऊन, कारण खताचा कण राहिला तर तोच ओल ओढतो. प्लास्टिकवर फणसाची फळी, फळीवर गाडीचा मधला स्टँड. पुढचं चाकही टेकू देऊन थोडं वर घेतलेलं, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटा होत नाही. आणि हे सगळं झाल्यावर वरून लुगडं.

ते आजीचं नऊवारी होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आईने त्याचे चार तुकडे करून काठाला काठ जोडून शिवले होते, म्हणून ते हँडलवरून मागच्या दिव्यापर्यंत पोचून दोन्ही बाजूंनी जमिनीच्या वीतभर वर थांबायचं. ती वीतभर मोकळीक आईने जाणून ठेवली होती. जमिनीला टेकलेलं कापड वातीसारखं पाणी वर ओढतं. शिवाय त्या कापडात खळीचा अंशही राहू द्यायचा नाही, हा तिचा दंडक. खळ असली की बुरशी येते, झुरळं आणि कसर येते, आणि मग त्यांच्या मागोमाग उंदीर.

गावात एकांकडे स्कूटर होती. त्यांनी ती ओटीवर घेऊन, वरून खालपर्यंत निळी ताडपत्री गुंडाळून, काथ्याने करकचून बांधली होती. बघणाऱ्याला वाटावं, याहून जास्त काळजी कोण घेणार! गणपतीत चाकरमानी मुलगा आला आणि ताडपत्री सोडली, तेव्हा आतल्या बाजूने थेंब ठिबकत होते. जमिनीची वाफ वर चढत होती, ताडपत्रीला अडत होती आणि रात्री गारठली की थंड पत्र्यावर दवासारखी बसत होती. मडगार्डच्या कडेला रंगाचे फुगे आले होते, नखाने दाबले की खालून गंज निघायचा. घरात पाणी वरून येत नाही, हे त्या घरच्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आईने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिला लोणच्याच्या बरण्या, गाद्या आणि बेगमीचं धान्य सांभाळून ते माहीत होतं. प्लास्टिक खाली, कापड वर.

आणि एकदा झाकलं की काम संपलं, असं तिच्या लेखी कधीच नव्हतं. श्रावणात उघडीप आली की लुगडं काढून दोरीवर. गाडी तेवढा वेळ उघडी, पडवीचं दार उघडं, वाऱ्याला वाट. मी विचारलं होतं, “आई, कालच तर काढलं होतंस, आज परत कशाला?” ती म्हणाली, “अगो, कालचा वारा कालच्याला. कपडा ओला तर गाडी ओली.” कापडाचं हे खरं आहे. ते हवा सोडतं म्हणून चांगलं, पण पाणीही धरतं, आणि भिजट कापड लोखंडाला लपेटून ठेवणं उघडं ठेवण्याहून वाईट. म्हणजे कापडाबरोबर ते काढणारं, वाळवणारं, परत घालणारं माणूस लागतं. आमच्या गावात गाडी आप्पांची म्हणून ओळखली जायची. मी मात्र ती दोघांची मानते.

आप्पा गेल्यावर गाडी पुण्याला माझ्याकडे आली. तळमजल्यावरचा फ्लॅट, मागच्या खोलीला बाहेरून दार, म्हणून घरात घेता आली. इथं ओल कमी आणि धूळ फार. चारी बाजूंना बांधकामं, सिमेंटची पूड खिडकीच्या जाळीतून गाळून आत येते. मग झाकण्याचं कारण बदललं. धुळीवर झाकण घातलं की ती पूड कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडते आणि झाकण ओढताना पॉलिशपेपरचं काम करते. म्हणून आधी पुसायची, तेही ओल्या फडक्याने धूळ उचलून, मग कोरडी करून, मगच पांघरूण. बाजारात मिळतात ती पॅराशूटच्या कापडाची कव्हरं उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ठीक आहेत. घरातल्या गाडीला त्यांचा उपयोग नाही, आणि गाडी फिरवून आणून गरम सायलेन्सरवर टाकलं तर ते वितळून चिकटतं. खिडकीचं ऊनही लक्षात ठेवायला हवं. पश्चिमेचं ऊन रोज सीटवर आलं तर रेक्झिन तडकतं आणि किरमिजी रंग विटतो.

एका गोष्टीत मी आप्पांचं ऐकत नाही. ते टाकी काठोकाठ भरून ठेवत. त्यात अर्थ होता: टाकीत हवा कमी, तर पत्र्यावर दव कमी, गंज कमी. पण आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आमच्याच उसाचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पुरेसं ओढलं की पाण्यासकट तळाशी जाऊन बसतं, आणि जुन्या गाडीच्या रबराला तर ते मुळीच मानवत नाही. दुसरं, पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीत गॅसची शेगडी असते. म्हणून घरात उभी करायची तर टाकी पूर्ण रिकामी, आत थोडं ऑईल घोळवून, झाकण लावून. आप्पा असते तर वाद घातला असता आणि बहुधा मानलंही असतं.

‘आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करून ठेवत जा’ हा सल्ला मात्र मी कुणाकडूनही घेत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, जळण्यातून निघालेली वाफ सायलेन्सरातच पाणी होऊन बसते आणि तो आतून सडतो. चालवायची तर मैलोगणती चालवावी, नाहीतर निवांत उभी राहू द्यावी.

माझी भाची टोरोंटोला असते. तिच्या नवऱ्याची मोटरसायकल नोव्हेंबरपासून वसंत येईपर्यंत गॅरेजात असते. तिथं बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या मिठाला ती आमच्या खाऱ्या वाऱ्याइतकीच भिते. गाडीची बॅटरी सतत एका छोट्या चार्जरला जोडलेली असते. पेट्रोल टिकावं म्हणून ते त्यात एक औषध घालतात आणि टाकी भरून ठेवतात, म्हणजे आप्पांच्या पक्षाचे. फोनवर मी विचारलं, “झाकता कशाने?” ती म्हणाली, “मावशी, जुन्या पलंगपोसाने.” मला फार बरं वाटलं.

आजीचं लुगडं आता शिवणीपाशी विरलं आहे; काठ शाबूत, अंग गेलेलं. घरात नऊवारी नेसणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा दुसरं मिळणार कुठून? या वर्षी मी मांजरपाट आणला. गाडीची लांबी दोन मीटरच्या आतबाहेर, आरशांची उंची धरून माप काढलं आणि शिंप्याला सांगितलं की खालून वीतभर कमी ठेवा. तो म्हणाला, “ताई, गाडीचं कव्हर ना? मग जमिनीपर्यंत घ्या, आणि खाली इलॅस्टिक घालतो, घट्ट बसेल.” त्याला ओल कशी चढते ते सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, इलॅस्टिक बाजूला ठेवलं आणि म्हणाला, “मग शिवण्याआधी कापड धुऊन आणा. पहिल्या पाण्यात आटेल, आणि वीतभर सोडलेलं दोन विती होईल.” हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मांजरपाट सध्या न्हाणीघरात भिजतो आहे. खळ अजून सुटते आहे, बादलीतलं पाणी पांढरट येतंय. ते नितळ आलं की कापड त्याच्याकडे जाईल.