खिडकीजवळची जागा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावावरून विमाने जातात. थांबत मात्र एकही नाही! गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत एस. टी. देखील दिवसातून दोनदाच येते, तिथे विमानाचे काय घेऊन बसलात! पण लहानपणी शाळेच्या पटांगणावरून विमान गेले की बाकीची मुले आरडाओरडा करीत आणि मी ऐटीत सांगत असे, "त्यात माझे बाबा आहेत!"

माझे बाबा बोटीवर असतात. मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात ते ऑइलर आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. नऊ महिने बोटीवर आणि तीन-चार महिने घरी, असे त्यांचे गेली वीस वर्षे चालले आहे. बोट काही दाभोळच्या खाडीत येऊन त्यांना घेऊन जात नाही. ती जगाच्या पाठीवर जिथे उभी असेल तिथे कंपनी त्यांना विमानाने पाठवते. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत सर्वांत जास्त विमानप्रवास केलेला माणूस म्हणजे माझे बाबा. याचा मला केवढा अभिमान! एस. टी. त बसलो की ते मला नेहमी खिडकीजवळची जागा देत आणि मी विचारी, "विमानात तुम्हांला खिडकी मिळते का हो?" "मिळते की!" ते हसून म्हणत. मला वाटे, केवढे हे भाग्य!

त्या भाग्याचा हिशेब मला २०२३ च्या मे महिन्यात कळला.

त्या वेळी बाबा ह्यूस्टनला बोटीवरून उतरले. ह्यूस्टन ते दोहा, पंधरा तासांच्या आसपास. दोह्याला पाच तास बाकड्यावर. तिथून मुंबई साडेतीन तास. मुंबईहून रेल्वेने चिपळूण, आणि चिपळूणहून दीड तास एस. टी. घरी आले तेव्हा नेहमीसारखेच होते. आईने वालाचे बिरडे केले होते. डावा पाय जड वाटतो, एवढेच म्हणाले. प्रवासाने माणसाचे पाय सुजायचेच, असे आम्हां सर्वांचे मत पडले.

तिसऱ्या दिवशी डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली. हात लावला तर गरम. आईने निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला आणि रात्री खोबरेल तेल घेऊन चांगली अर्धा तास पोटरी चोळली. आमच्याकडे दुखऱ्या पायावर हाच उपाय, आणि तिने तो जीव लावून केला. दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "चोळला नाहीत ना?"

आईने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर माणूस जागच्या जागी जातो, असे डॉक्टर म्हणाले. ते सांगत असताना आई आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होती. ते तिचे पाहणे मी विसरू शकत नाही. तीन महिने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, पुन्हा पुन्हा तपासण्या, आणि तोवर बोट नाही. बोट नाही म्हणजे पगार नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्या वर्षी महाविद्यालयात नाव घालायचे की नाही, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही, पण तो रात्री ओटीवर आमच्याबरोबर जेवायला बसत असे.

एके संध्याकाळी मी बाबांना विचारले, "विमानात तुम्ही किती वेळा उठलात?"

"कशाला उठायचं?"

"पाय मोकळे करायला. लघवीला तरी?"

बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "शेजारी दोन माणसं होती गो. दोघंही झोपलेली. मोठी माणसं, कोटबीट घातलेली. मी आत, खिडकीशी. त्यांना उठवायचं कसं?"

"मग?"

"मग काय? विमानात चढायच्या आधीपासून पाणी बंद करायचं. म्हणजे उठावं लागत नाही. वीस वर्षं असंच करतो मी."

वीस वर्षे! हवाईसुंदरी पाण्याचा पेला घेऊन आली की हा माणूस मान हलवून नको म्हणत होता. आणि मी पटांगणावर उभी राहून 'त्यात माझे बाबा आहेत' म्हणून मिरवत होते. इंजिनघरातल्या एकूण एक पंपाचे इंग्रजी नाव ज्यांना पाठ आहे, त्यांना शेजाऱ्याला 'जरा उठता का' हे तीन शब्द विचारता येत नव्हते. मला रडू आले, आणि थोडा रागही आला. तो कोणावर, हे अजून नीट ठरलेले नाही.

त्यानंतर मी आपल्या ग्रंथालयात बसून मिळेल ते वाचायला लागले. कला शाखेच्या मुलीला शिरा आणि गुठळ्या कशाला हव्यात, असे ग्रंथपाल मॅडमना वाटले असावे. पण संगणकावर त्यांनी मला हवे ते लेख काढून दिले. शब्दकोश शेजारी घेऊन, एकेका पानाला तास तास लावून मी ते वाचले.

त्यात मला सर्वांत आधी भेटले ते विमान नव्हे, तर १९४० सालचे लंडन. जर्मन विमाने रात्रीचे बॉम्ब टाकीत आणि लोक निवाऱ्यांत रात्र काढीत. कित्येकजण कापडी आरामखुर्च्यांवर बसून झोपत. या खुर्च्यांच्या पुढच्या लाकडी पट्टीचा दाब मांड्यांवर, गुडघ्यांच्या मागे पडे. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाला असे दिसले, की बॉम्ब न लागता, नुसती बसून राहिलेली माणसे फुप्फुसातल्या गुठळीने मरत आहेत. आमचे इतिहासाचे सर महायुद्ध शिकवतात तेव्हा त्यात ही खुर्ची येत नाही. मला मात्र आता ते महायुद्ध म्हटले की तीच आठवते.

दुसरे वाचले ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात, २००७ सालच्या. चार तासांहून अधिक वेळ न हलता बसून प्रवास केला की गुठळीचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. आणि तो केवळ विमानात नव्हे, रेल्वेत, मोटारीत, बसमध्येही. धडधाकट माणसाच्या बाबतीत हा धोका लहानच, चार तासांवरच्या साधारण सहा हजार विमानप्रवासांत एक. तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत कोणी विमानाने जाणार असेल तर त्याने माझा लेख वाचून घाबरू नये. पण अहवालात पुढे लिहिले होते की फार उंच माणसांना आणि पाच फूट तीन इंचांहून बुटक्या माणसांना हा धोका अधिक. उंचांचे पाय अडकतात हे समजू शकते. बुटक्यांचे काय? त्यांची पावले जमिनीवर नीट टेकत नाहीत आणि खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते. पुन्हा तीच लंडनची खुर्ची!

बाबांची उंची पाच फूट दोन इंच आहे.

बाकीचे मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केले. भूगोलाच्या सरांनी सांगितले की विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवतात. आपले कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट. म्हणजे बाबा पंधरा तास कळसूबाईच्याही वर बसून आले होते! तिथे हवेचा दाब कमी म्हणून पोटातला वायूही फुगतो, पाव-एक पटीने तरी. हे वाचून मला आईचे बिरडे आठवले. बाबा निघायचे त्या दिवशीही ती प्रेमाने बिरडेच करते, आणि बाबा वीस वर्षे ते खाऊन विमानात बसत आले आहेत. त्यांनी त्याबद्दलही कधी तक्रार केली नाही. आतली हवा तर इतकी कोरडी की आर्द्रता वीस टक्क्यांच्या वर क्वचितच. आमच्याकडे श्रावणात चड्डी वाळायला चार दिवस लागतात. त्या हवेत वाढलेला माणूस तिथे पाण्याविना बसत होता.

हे सगळे मी बाबांना वाचून दाखवले. ते "हं, हं" करीत राहिले. मुलगी कॉलेजात शिकते, बोलू द्यावे, असा तो हुंकार होता. मग मी पोटरीचे सांगू लागले: पावलापर्यंत गेलेले रक्त वर चढवायला हृदय एकटे पुरत नाही, चालताना पोटरीचा स्नायू आवळतो आणि रक्त वर ढकलतो, ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरेत ठिकठिकाणी झडपा असतात...

बाबा ताठ बसले. "म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह?"

"हो."

"आणि पोटरी म्हणजे पंप."

"हो, बाबा."

"आणि तो मी पंधरा तास बंद ठेवला." ते आपल्या पायाकडे असे पाहू लागले जणू तो दुसऱ्या कोणाच्या पाळीत बिघडला होता. "बोटीवर असा पंप कोणी बंद ठेवला असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या गो."

माझ्या तीन महिन्यांच्या वाचनाने जे झाले नाही ते त्या एका झडपेने झाले!

पुढे गोळ्या संपल्या, सोनोग्राफी चांगली आली, सरकारमान्य डॉक्टरांच्या तपासणीत बाबा पास झाले, आणि जानेवारीत कंपनीचा फोन आला. पुन्हा ह्यूस्टन, जाताना तर सोळा तास. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे लिहून दिले आणि उठत-बसत राहायला सांगितले. मोजे आम्ही चिपळूणला घेतले. पण उठण्याचे काय? ते काही दुकानात मिळत नव्हते.

म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी पडवीत तीन खुर्च्या ओळीने मांडल्या. समोर दुसरी ओळ, मधले अंतर पट्टीने मोजून, साधारण विमानात असते तेवढे. भिंतीकडे बाबा, मध्ये आई, कडेला मी. आईला सांगितले, तू कोट घातलेला साहेब आहेस आणि गाढ झोपलेली आहेस. तिने लगेच तोंड उघडे टाकून घोरायला सुरुवात केली. मी म्हटले, "बाबा, आता तुम्हांला बाहेर जायचंय."

बाबा नुसते बसून राहिले. खरोखरीचे संकोचले. स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या बायकोला उठवायला! थोड्या वेळाने त्यांनी आईच्या कोपराला बोट लावले आणि पुटपुटले, "अगं, जरा..."

"साहेबाला अगं?" आई डोळे मिटूनच म्हणाली.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग पुन्हा. "एक्सक्यूज मी" हे दोन शब्द त्यांना येत नव्हते असे नाही. बंदरात, दुकानात ते ते म्हणतातच. पण तिथे ते उभे असतात. बसल्या जागेवरून, झोपलेल्या माणसाला, आपल्या पायांसाठी म्हणायचे, हे त्यांना जड जात होते. रोज संध्याकाळी आम्ही हा खेळ केला. चौथ्या दिवशी त्यांनी आवाज चढवून म्हटले, आणि शेजारच्या घरातली काकू "काय झालं?" म्हणून बाहेर आली.

पिशवीत मी एक कागद घातला. मोठ्या अक्षरांत. त्यात एवढेच होते: जागा मागताना वाटेकडची मागायची, खिडकी नको. हातातली पिशवी पावलांखाली घ्यायची, म्हणजे कड रुतणार नाही. जागेवर बसून टाचा वर, मग चवडे वर, दर अर्ध्या तासाला. दोन तासांनी मागच्या टोकापर्यंत फेरी. पाणी दिले की घ्यायचे, दारू नको. विमान उतरताना कान दडले तर आवंढा गिळायचा. आईने निघायच्या दिवशी बिरडे केले नाही. मुगाची खिचडी वाढली आणि दोनदा विचारले, "रागावला नाहीत ना?"

बाबा गेल्यावर दीड दिवस आम्ही फोनकडे डोळे लावून होतो. त्या रात्री आभाळात लुकलुकता दिवा सरकताना दिसला की आई विचारी, "आता उठले असतील का?" ते विमान गोव्याकडे चालले आहे, हे मला माहीत होते. मी म्हणे, "उठले असतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा निरोप आला. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून बोलून पाठवलेला. मागे माणसांचा गोंगाट होता.

"पोचलो. पाय बरा आहे. कडेची जागा मिळाली. सात वेळा उठलो. पण एक्सक्यूज मी म्हणायची वेळच आली नाही, कडेलाच होतो ना! उलट आतली बाई होती, म्हातारी, तिला बाहेर जायचं होतं आणि बोलायला लाजत होती. बराच वेळ चुळबुळत होती. मग मीच उठून उभा राहिलो."

आईने तो निरोप तीनदा ऐकला. मग म्हणाली, "पाणी प्यायले की नाही, ते सांगितलंच नाही."