कॅमेरा बंद असताना

माहितीपट किती प्रामाणिक आहे, हे बहुतेक वेळा कॅमेरा बंद असताना ठरतं. माणसांमध्ये किती काळ राहिलात, परवानगी कशी मागितलीत, एडिटला बसल्यावर त्यांच्या बोलण्यातलं काय कापलंत, तयार झालेली फिल्म त्यांना आधी दाखवलीत की सगळ्यांत शेवटी, या सगळ्यावर ते अवलंबून असतं. मी ध्वनिमुद्रण करते. बूम धरून खोलीच्या कोपऱ्यात उभं राहावं लागतं आणि त्या कोपऱ्यातून हे सारं नीट दिसतं. वहीत अधूनमधून लिहून ठेवलेलं इथे एकत्र करते आहे.

*

सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी रिळात जेमतेम अकरा मिनिटांचं चित्रीकरण मावायचं. रीळ महाग, ते धुऊन घेणं महाग. त्यामुळे समोरचा माणूस काय बोलणार याचा अंदाज येईपर्यंत कॅमेरा चालू होत नसे. आधी गप्पा, चहा, पुन्हा गप्पा. आता खिशातल्या फोनवर तासन्‌तास चित्रण होतं आणि आल्याआल्या कॅमेरा चालू करायची सवय लागते. समोरच्याला आपल्याशी बोलावंसं वाटायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. तो कोणत्याही यंत्राने कमी केलेला नाही.

*

१९७४ मध्ये बिहारात जयप्रकाश नारायणांचं आंदोलन पेटलं होतं. आनंद पटवर्धन तेव्हा पंचविशीच्या आतले. पाटण्यातला मोर्चा त्यांनी सुपर-८ सारख्या घरगुती कॅमेऱ्यावर टिपला, ते चित्रण पडद्यावर दाखवून पुन्हा सोळा मिलिमीटरवर उतरवलं आणि त्यातून ‘क्रांती की तरंगें’ तयार झाली. असं दुबार चित्रण केलं की चित्रात कण उठतात, कडा विरतात. आणीबाणी लागल्यावर प्रिंटचे तुकडे करून ते देशाबाहेर नेले गेले आणि बाहेर पुन्हा जोडले गेले. साधनं नाहीत म्हणून अडून बसलेल्या मुलांना मी ही हकीकत आवर्जून सांगते. आज त्या काळाकडे पाहताना चित्राच्या दर्जाची तक्रार कोणाच्याही मनात येत नाही.

*

युगांतर. १९८० च्या सुमारास बंगळूरमध्ये जमलेला बायकांचा फिल्म-गट, त्यात दीपा धनराज होत्या, कॅमेऱ्यामागे नवरोज कॉन्ट्रॅक्टर. त्यांच्या दोन फिल्मा आपल्या अगदी जवळच्या. ‘मोलकरीण’ (१९८१) पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायांच्या संघटनेवर, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ (१९८२) निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर. हा गट निपाणीत महिनोन्‌महिने बायांबरोबर राहिला. वखारीतली तंबाखूची धूळ, त्यात वाकून बसलेल्या रांगा, सभेत पहिल्यांदा उठून बोलणारी बाई, हे दोन दिवसांच्या पाहुण्याला मिळत नाही. पुढे या फिल्मा कामगार बायांच्या बैठकांत दाखवल्या गेल्या. एका गावच्या बायांनी काय केलं, हे दुसऱ्या गावच्या बायांनी पाहिलं. माहितीपटाचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाही.

याच काळात पुण्यात सुमित्रा भावे ‘स्त्रीवाणी’ या संशोधन संस्थेसाठी झोपडपट्टीतल्या बायांच्या जगण्याचा अभ्यास करत होत्या. ज्यांच्याविषयी अहवाल लिहायचा त्यांनाच तो वाचता येणार नसेल तर काय करायचं, या प्रश्नातून त्या सिनेमाकडे वळल्या. ‘बाई’ (१९८५) तिथून आली.

*

‘हमारा शहर’ (१९८५). मुंबईच्या फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांच्या बेघर होण्याची फिल्म. सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवरच्या लोकांच्याच ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला तेही हेच वर्ष. फिल्ममध्ये एका ठिकाणी झोपडी मोडलेली एक बाई कॅमेऱ्यावरच उखडते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार, असा तिचा रोख आहे. ती समोरच्या अधिकाऱ्याशी बोलत नाही, फिल्म बनवणाऱ्याशी बोलते.

हा तुकडा कापणं अगदी सोपं होतं. कापला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पटवर्धनांनी तो ठेवला. फिल्म संपल्यावर मला सगळ्यांत जास्त आठवते ती हीच बाई. तिच्या प्रश्नाचं उत्तर फिल्ममध्ये नाही. ते पुढच्या कामातून द्यावं लागतं.

*

त्याच फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. चार दिवसांनी घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांनी तिथून चित्रण सुरू केलं आणि ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाली. मध्ये चौदा वर्षं गेली. फिल्मची लांबी तीन तासांहून अधिक.

चौदा वर्षं थांबायला कोणतीही वाहिनी तयार होणार नाही. तिला आठवड्याचा हिशेब द्यायचा असतो. पण खटला किती रखडतो, नेते बाजू कशी बदलतात, शाहिरांची नवी पिढी कशी उभी राहते, हे दाखवायचं तर एवढा काळ जावाच लागतो. पाहताना तो काळ माणसांच्या चेहऱ्यांवर दिसतो. स्वतंत्रपणे काम करण्याचं मोल मला इथे कळतं: थांबायचं की नाही हे दुसरं कोणी ठरवत नाही.

*

कामाचं टिपण. मुलाखत संपली की मी सगळ्यांना अर्धा-एक मिनिट गप्प बसायला सांगते आणि खोलीचा नुसता आवाज घेते. याला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये दोन वाक्यं जोडताना मधे तो भरावा लागतो, नाहीतर सांधा कानाला टोचतो.

विदर्भातल्या एका घरात हे करत होते. ज्यांच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती त्या बाई बोलून थांबल्या होत्या. मी हात वर केला, सगळे गप्प झाले. छताच्या पत्र्याचा कडकड आवाज, बाहेर शेळी, पंख्याचं एक पातं घासत होतं. तेवढ्यात बाई आपणहून बोलायला लागल्या. सावकाराचं नाव, रक्कम, कोणत्या महिन्यात तो दारात आला, सगळं सांगितलं. मुलाखतीत विचारलं तेव्हा यातलं काही आलं नव्हतं. प्रश्न थांबले तेव्हा त्यांना जागा मिळाली.

नंतर त्यांनी सांगितलं, नाव घालू नका, गावात राहायचं आहे. नाव घातलं नाही. फिल्म थोडी कमजोर झाली. तेच योग्य होतं.

*

परवानगीचा कागद सही झाला की काम भागलं असं मानतात. सही करणाऱ्याला फिल्म कुठे जाणार, कोण पाहणार, त्यातला तुकडा कोणाच्या फोनवर फिरणार, याची कल्पना असतेच असं नाही. म्हणून परवानगी तीनदा घ्यावी: चित्रीकरणाआधी, चित्रीकरण झाल्यावर, आणि रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, दाखवून. तिसऱ्या वेळी कोणी नाही म्हटलं तर तो भाग काढावा. निर्माते यावर चिडतात, महोत्सवाची तारीख जवळ आलेली असते. तरी काढावा.

पटवर्धनांच्या ‘राम के नाम’ (१९९२) मध्ये अयोध्येच्या रामजन्मभूमीचे तेव्हाचे पुजारी लालदास निर्भयपणे बोलतात, धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाला नावं ठेवतात. १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. असं बोलणाऱ्याचं बोलणं आपण पडद्यावर आणतो, तेव्हा ते किती जोखमीचं असतं हे एडिटच्या टेबलावर विसरता कामा नये.

*

माहितीपट म्हटलं की आधीच्या पिढीला फिल्म्स डिव्हिजन आठवते. १९४८ मध्ये सुरू झालेली ही सरकारी संस्था. चित्रपटगृहात मुख्य सिनेमाच्या आधी तिचे वृत्तपट आणि अनुबोधपट दाखवणं सक्तीचं होतं. धरण, खत, कुटुंबनियोजन, आणि वरून एक भारदस्त आवाज. तिथेही काही अस्सल, धाडसी कामं झाली. पण माहितीपट म्हणजे वरून मिळणारा उपदेश, हा समज प्रेक्षकांत रुजला तो याच सक्तीने. पुढच्या स्वतंत्र फिल्मकारांनी आधी तो निवेदकाचा आवाज काढून टाकला आणि माणसांना स्वतःच्या आवाजात बोलू दिलं. हा बदल आमच्या ध्वनिमुद्रणाच्या पेशासाठी फार मोठा. तिथून मराठीच्या सगळ्या बोली पडद्यावर यायला वाट मिळाली.

*

न्यायालयांची नोंद. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांवरच्या माहितीपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेत बसते असा निकाल दिला. ती चौकट आजही उभी आहे. अणुचाचण्यांनंतरच्या काळावरची पटवर्धनांची ‘वॉर अँड पीस’ (२००२) सेन्सॉर मंडळाच्या कात्रीत अडकली, मुंबई उच्च न्यायालयाने ती काटछाट न करता मोकळी केली. भोपाळ वायुकांडावरची ‘बियाँड जेनोसाइड’ दूरदर्शनने दाखवावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, १९९२ मध्ये निकाल फिल्मच्या बाजूने लागला.

२००४ च्या मुंबईतल्या माहितीपट महोत्सवात भारतीय फिल्मांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र सक्तीचं करायचा घाट घातला गेला. फिल्मकार एकत्र आले, ‘विकल्प’ हे व्यासपीठ उभं राहिलं, नाकारलेल्या फिल्मा त्यांनी मुंबईतच वेगळ्या दाखवल्या. एकेकट्याने लढणारे लोक एकत्र आले की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

*

दूरदेशची नोंद, पण आपल्या कामाशी थेट जोडलेली. पॅलेस्टाइनमधल्या बिलिन गावच्या इमाद बुरनात यांनी मुलगा झाला म्हणून कॅमेरा घेतला. गावाच्या जमिनीवर कुंपण आलं, आंदोलन सुरू झालं आणि एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ (२०११) या पाच कॅमेऱ्यांवर बेतलेली आहे.

पॅलेस्टाइनमधल्याच मसाफेर यत्तामधली घरं पाडण्यावरची ‘नो अदर लँड’ पॅलेस्टिनी आणि इस्रायली तरुणांनी मिळून केली. मार्च २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. त्याच महिन्यात तिच्या दिग्दर्शकांपैकी हमदान बलाल यांना त्यांच्याच गावात मारहाण झाली आणि सैन्याने पकडून नेलं. ऑस्कर हाती आलं तरी अमेरिकेत फिल्म घ्यायला कोणी मोठा वितरक पुढे आला नव्हता.

युक्रेनच्या म्स्तिस्लाव चेर्नोव यांनी वेढ्यातल्या मारिउपोलमधलं चित्रण जिवावर उदार होऊन बाहेर आणलं आणि त्याची फिल्म केली. २०२४ मध्ये ऑस्कर स्वीकारताना ते म्हणाले की ही फिल्म करायची वेळच आली नसती तर बरं झालं असतं. जळत्या जगात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हे असतं.

*

मणिबेली. सरदार सरोवरात बुडालेलं नर्मदाकाठचं महाराष्ट्रातलं गाव. पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘नर्मदा डायरी’त (१९९५) नर्मदाकाठची माणसं, होळी, सत्याग्रह सगळं आहे. सरकारी कागदात त्या गावाचा सर्व्हे नंबर आणि हेक्टर सापडतील. तिथे लोक कसे नाचत, कसे भांडत, पाणी चढत असताना काय बोलत, ते फिल्ममध्येच आहे.

*

म्हणून जपणूक. अनेक फिल्मकारांच्या कपाटात यू-मॅटिक, बीटाकॅम, मिनी-डीव्हीच्या टेप बुरशी धरून पडल्या आहेत. त्या चालवायची यंत्रं मिळत नाहीत, मिळाली तर हेड घासलेलं. युगांतरच्या फिल्मांचं डिजिटल रूप करायला बर्लिनच्या आर्सेनल संस्थेची मदत घ्यावी लागली. निपाणीच्या बायांचा लढा जपायला बर्लिनपर्यंत जावं लागावं याचं मला दुःख होतं, आणि त्या संस्थेविषयी कृतज्ञताही वाटते.

प्रत्येक टेपवर तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि भाषा लिहा. खोटी दृश्यं यंत्राकडून क्षणात तयार करून घेता येतात अशा काळात रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रण, हा पुरावा आहे. फिल्म तयार झाली म्हणून रशेस पुसू नका. दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

*

धारावी, १९९२-९३ च्या दंगलीनंतर. भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी मोहल्ला समितीचं काम करताना एकोप्याचा संदेश देणारी पोस्टरं आणि छोटी फिल्म स्वतःच काढली, वस्तीत दाखवली. अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘नाता’ (२००३) मध्ये या दोघांच्या मैत्रीची आणि कामाची गोष्ट सांगितली. अस्वस्थ काळातली गोष्ट म्हटलं की आपण फक्त जखम दाखवायला धावतो. शेजाऱ्यांनी एकमेकांना कसं सांभाळलं, त्यासाठी काय काय खटपट केली, हेही तितक्याच बारकाईने टिपायला हवं. नाहीतर पुढच्या दंगलीत उपयोगी पडेल अशी माहिती आपण मागे ठेवणारच नाही.

*

नव्याने काम करू पाहणारी मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आपल्याच तालुक्यातला विषय घ्या, जिथे परत परत जाता येईल आणि जिथल्या माणसांना तुमचं घर माहीत असेल. पैसे कमी पडले तर लांबी कमी करा, राहण्याचा काळ कमी करू नका. पहिलं प्रदर्शन महोत्सवात न करता ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या गावात करा, आणि पडदा गुंडाळायच्या आधी त्यांना बोलू द्या.

वाचकांना एक विनंती. या फिल्मा चित्रपटगृहात येत नाहीत, त्या तुमच्यापर्यंत तुम्हीच आणाव्या लागतात. तुमच्या वाचनालयाला, महाविद्यालयाला, गणेश मंडळाला, सोसायटीच्या हॉलला एक संध्याकाळ मोकळी असेल तर फिल्मकाराला पत्र लिहा. तिला प्रवासखर्च द्या, जमेल तेवढं मानधन द्या आणि फिल्म संपल्यावर तासभर बसून तिच्याशी वाद घाला. असे प्रेक्षक गावोगाव असतील तर पुढची फिल्म करायला लागणारी काही वर्षं काढता येतात.