टेंभ्याच्या उजेडात

जव्हारच्या पठारावर मार्गशीर्षाची थंडी उतरली की मला शिरपामाळ आठवतो. कारण वयाच्या नवव्या वर्षी, गुरुजींच्या मागोमाग दवाने भिजलेले गवत अनवाणी तुडवीत आम्ही मुले त्या माळावर पोचलो, आणि ‘महाराजांचा मुक्काम इथे पडला होता’ एवढे एकच वाक्य उच्चारून गुरुजी स्तब्ध झाले, तेव्हा त्या उघड्या भूमीवर मला राहुट्या दिसल्या, घोड्यांचे फुरफुरणे ऐकू आले आणि अंगावर रोमांच उभे राहिले. डिसेंबर १६६३ च्या अखेरीस, सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी येथे स्वागत केले आणि त्यांच्या जिरेटोपात मानाचा शिरपेच खोवला. त्या शिरपेचावरून माळाला हे नाव पडले, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एक स्वराज्याचा धनी, दुसरा आमच्या डोंगरांतला महादेव कोळ्यांचा राजा. मला दोघेही थोर वाटले. विक्रमशहा किंचित अधिक, कारण तो आमचा होता.

पुढे कॉलेजात असताना एका इतिहासग्रंथात त्या कथेचे पुढले पान हाती लागले. १६७२ च्या उन्हाळ्यात महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांच्या फौजेने जव्हार घेतले आणि विक्रमशहा मोगलांच्या आश्रयाला गेला! ज्या हातांनी शिरपेच खोवला ते हात असे पाठमोरे व्हावेत, या विचाराने मी कित्येक दिवस उदास होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा शिरपामाळाकडे फिरकलोसुद्धा नाही. एका बाजूस मोगल आणि दुसऱ्या बाजूस नव्याने उभे राहणारे राज्य, अशा दोन प्रबळ सत्तांच्या मध्ये आपली गादी, आपले घाट आणि आपला तुटपुंजा खजिना सांभाळीत बसलेल्या एका डोंगरी संस्थानिकाची रात्र कशी जात असेल, याची कल्पना करण्याइतके वय व्हायला मला आणखी वीस वर्षे लागली. शिरपेच खोवताना पुढची आठ-नऊ वर्षे त्याला ठाऊक नव्हती. मी मात्र ती त्याला ठाऊक असल्यासारखा त्याच्यावर रागावलो होतो. तो राग अन्यायाचा होता, असे मी आज म्हणतो.

त्याच घराण्यातले यशवंतराव मुकणे हे आमच्या बाळपणीचे दुसरे दैवत. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेलेला राजा, ही गोष्टच आम्हा मुलांना पुरेशी होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि पुढे हेच राजे मते मागून लोकसभेत गेले. लहानपणी मला त्यांचे विमान मोठे वाटे. आता, जी कालपर्यंत आपली रयत होती तिच्या दारी हात जोडून उभे राहण्यात अधिक धैर्य होते, असे वाटते.

तारुण्यात मात्र राजे मागे पडले आणि गोदावरी परुळेकर आल्या. आमच्या शेजारच्या डहाणू-उंबरगावच्या वारल्यांत १९४५ च्या सुमारास त्यांनी आणि शामराव परुळेकरांनी जे काम केले, त्याची हकीगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणारा लग्नगडी, मोबदल्यावाचून घेतली जाणारी वेठ, झरीची परिषद, रोजच्या बारा आणे मजुरीची मागणी, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या गोळीबारात पडलेले पाच जण. पहिल्या वाचनात मला केवळ बाईच दिसल्या: पुण्यात वाढलेली, कायद्याची पदवी घेतलेली स्त्री कुडाच्या झोपडीत कंदिलापुढे बसलेली. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा मी स्वतः मोखाड्याच्या एका पाड्यावर शिक्षक होतो, दिवाळीनंतर माझा अर्धा वर्ग आईबापांबरोबर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाई, आणि तेव्हा प्रथमच ध्यानात आले की त्या शीर्षकातला माणूस बाई नव्हेत. तो तलवाड्याला पडलेला जेठ्या गांगड आहे, त्याच्यामागे उभा असलेला वारली आहे. हे त्यांनी मुखपृष्ठावरच सांगून ठेवले होते. माझी दृष्टी तेथवर पोचायला काळ गेला.

त्यानंतरच्या फाल्गुनात मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा रात्रीचा उत्सव, पाहिला. बोहाडा मी आजोबांच्या खांद्यावरून कैक वेळा पाहिला होता. संबळ घुमू लागे, पिपाणी तार स्वर धरी, टेंभ्यांच्या तांबड्या प्रकाशात एकामागून एक सोंगे नाचत येत, आणि नरसिंहाचा विक्राळ मुखवटा जवळ आला की मी डोळे मिटून आजोबांचे डोके घट्ट धरी. नरसिंह नाचवणारा माणूस हा तेव्हा माझ्या लेखी त्रैलोक्यातला सर्वांत पराक्रमी पुरुष. या खेपेला माझी नजर मुखवट्यावरून ढळून टेंभा धरणाऱ्या म्हाताऱ्यावर स्थिरावली. तो सोंगाच्या पुढ्यात, सोंगाकडे तोंड करून, मागे मागे सरकत होता. आणि त्याचा टेंभा मुखवट्याच्या उंचीला नव्हता, बराच खाली होता.

सकाळी चहा घेताना मी त्याला विचारले, “बाबा, तुम्हांला कुठलं सोंग आवडतं?”

“सोंग तुम्ही बघायचं, गुरुजी,” तो म्हणाला. “मी भुई बघतो. मुखवट्याच्या भोकांतून पायाखालचं दिसत नाही त्याला.”

वडिलांच्या पश्चात हे काम त्याच्याकडे आले होते आणि तो ते चाळीस वर्षे करीत होता. इतक्या वर्षांत कोणी पडले का, असे विचारल्यावर त्याने थोडा वेळ आठवून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली.

मी त्याला त्यानंतर सहा बोहाड्यांत पाहिले. शेवटच्या रात्री जगदंबेचे सोंग निघेपर्यंत पहाट होत आलेली असे, संबळवाल्यांचे हात जड झालेले असत, पोरे आयांच्या मांडीवर झोपी गेलेली असत. तो टेंभ्यावर पुन्हा तेल घाली आणि वाकून उभा राही. सातव्या वर्षी टेंभा त्याच्या मुलाच्या हाती होता, आणि त्यानेही तो खालीच धरला होता.