पट

चौथीत आमच्या वर्गाचा पट ७५ होता. खोली एक, गुरुजी एक. पुढच्या दोन-तीन रांगांतली पोरं शिकायची, आम्ही मागचे नुसते ओरडायचो. पाढे म्हणताना तोंड हललं की भागायचं. मला अक्षरं ओळखता यायची, पण ओळ वाचता यायची नाही. गुरुजींना पत्ता नव्हता. त्यांचा तरी काय दोष? ७५ तोंडं एकटा माणूस कुठवर बघणार?

१९७२ला पावसानं दगा दिला. आष्टी तेव्हा परभणी जिल्ह्यात. जालना जिल्हा व्हायला १९८१ उजाडलं. दुष्काळी कामं निघाली आणि पोरं आईबापामागं खडी फोडायला गेली. तिथं सुकडी मिळायची. माझे वडील एका दुकानात दिवाणजी. पगार थोडा, पण घरात मिलोची लाल भाकर होती, म्हणून मी शाळेत राहिलो. दिवाळीनंतर वर्गात आम्ही १८-२० उरलो.

एक दिवस गुरुजी शेजारी येऊन बसले. "वाच बरं." मी गप्प. ते रागावले नाहीत. "उद्यापासून माझ्या टेबलाशी बसायचं," एवढंच म्हणाले. उन्हाळ्यापर्यंत मी धडाधडा वाचू लागलो.

माझ्या मांडीला मांडी लावून बसणारा दोस्त मात्र खडीवर गेला तो शाळेत परत आलाच नाही.

पुढं मीही मास्तर झालो. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक ठरवला. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं प्रयोग झाला. १३ ते १७ मुलांचे वर्ग २२ ते २५ च्या वर्गांपेक्षा पुढं निघाले. मला हसू आलं. त्यांचा मोठा वर्ग आम्हाला लहानच की! जपानात वर्षानुवर्षं ४० पोरांचे वर्ग चालले, असं कुणी सुनावतं. खरंय. पण तिथलं पोरगं खडी फोडायला जात नव्हतं.

आता उलटीच तऱ्हा. २० च्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं २०२३ मध्ये सरकारनं मनावर घेतलं. वस्तीवर ९ पोरं असली की पारावर लोक म्हणतात, "एवढ्यासाठी दोन मास्तर?" ९ पोरांत खो-खोचा डाव पडत नाही, हे मीही बघितलंय. पण शाळा लांब गेली की आधी गळते ती पोरगी.

परवा बाजारात दोस्त भेटला. कापसाची पावती पुढं केली. "किती लिव्हलंय, बघ रं." वाचून दाखवली, हमाली-तोलाई कापली होती.

"तू शिकला बाबा," तो म्हणाला. चहाचे पैसे त्यानंच दिले.