टाय कुणाचा

आमच्या चारठाण्याला बाहेरून माणसं येतात ती दगड पाहायला. जुनी देवळं, बारव, कोरीव खांब. दगडाचं वय सांगणारे पुष्कळ भेटतात. मी कापडाचं वय काढतो, तेही पुरुषांच्या गळ्यातल्या कापडाचं: टाय, मफलर, गुलूबंद, रुमाल. घरचे हसतात. अम्मी म्हणते, "लोगां जमीन जमा करते, ये चिंध्या जमा करता."

या छंदात एक गोष्ट लवकर कळली. रुमाल टिकत नाही. तो खांद्यावरून स्वयंपाकघरात जातो, तिथून पुसायला, मग सायकलच्या चाकाला. लुगडी आणि पँटी बोहारीण नेते आणि पातेलं देते. टायला मात्र कुणी विचारत नाही. त्यानं पुसता येत नाही की गाळता येत नाही. म्हणून तो पेटीच्या तळाशी पन्नास पन्नास वर्षं पडून राहतो.

आमच्या पेटीतही एक होता. दादांचा. दादा हैदराबादला शिकायला होते. सप्टेंबर १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर शिक्षण अर्धवट टाकून गावी आले, एवढंच घरात सांगतात. त्या दिवसांबद्दल पुढे कुणी बोलत नाही, आणि विचारलं की चहाचं निघतं. रुमी टोपी गेली, पुस्तकं गेली, राहिला तो हा टाय. फुप्पी माहेरी आली की पेटी उघडायला लावते आणि तो डोळ्यांना लावते. दादा गेले तेव्हा ती लहान होती.

मागच्या पावसाळ्यात पेटीला ओल लागली म्हणून सगळं उन्हात काढलं, तेव्हा मी पहिल्यांदा तो टाय संग्राहकाच्या नजरेनं पाहिला. पाहायला नको होता.

टायचं वय पुढून कळत नाही, उलटा करावा लागतो. आज आपण बघतो तो तिरक्या कापाचा, तीन तुकडे जोडलेला टाय न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फच्या १९२४च्या पेटंटपासूनचा. त्याआधीचा टाय आमच्याकडे मिळेल ही आशा मी केव्हाच सोडली. पुढची खूण रुंदी. साठच्या दशकातला टाय दोन-अडीच इंचांचा, सडपातळ. सत्तरीत तोच चार इंचांच्या वर गेला. फॅशन फिरून येते, म्हणून एकट्या रुंदीवर विश्वास ठेवत नाही. आतल्या शिवणीतून एक धागा काढून जाळतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. कृत्रिम रेशीम कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

दादांच्या टायचा मणी झाला. पॉलिस्टरचा शोधच मुळी इंग्लंडात १९४१चा, टेरिलीन म्हणून. त्या काळी ते हैदराबादच्या विद्यार्थ्याच्या गळ्यात कसं येणार? रुंदी भरली सव्वाचार इंच. तरी मी स्वतःशी भांडत होतो. मग लेबल पाहिलं. दुकानाच्या नावाखाली बॉम्बे ४०० ००२. आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याआधी त्याच भागाचा पत्ता नुसता 'बॉम्बे-२' असा लिहीत. म्हणजे दादा वारल्यानंतरचा टाय.

दादांचा एकच फोटो आहे. शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं. त्या गळपट्टीत टायला जागाच नाही. इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि आमच्यापैकी कुणाच्याच हे ध्यानात आलं नाही.

अम्मीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "तेरे अब्बा की है. शादी के बाद परभणी को गए थे, इंटरव्ह्यू को. उधार ले के सूट सिलाए थे." नोकरी मिळाली नाही. परत येताना टाय पिशवीत होता. सूट कुठे गेला ते तिला आठवत नाही. टाय अब्बांनी दादांच्या पेटीत टाकला आणि पुढे फुप्पीनं तो हातात घेऊन विचारलं तेव्हा म्हणाले, अब्बा की है. एवढंच. नंतर मोडायचं कुणाच्या जिवावर आलं असतं? अब्बांनी आयुष्यभर आडतीवर हिशेब लिहिले. मी त्यांना टायमध्ये कधी पाहिलं नाही.

फोटो उतरवून उजेडात नेला तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. शेरवानीवर गुलूबंद आहे, बारीक बुट्टीचा. ती बुट्टी मी रोज पाहतो. आमच्या कुरआन शरीफच्या जुजदानाचं ते कापड! औरंगाबादी हिमरू. उलटी बाजू पाहिली तर हिमरूत असतात तसे मोकळे धागे, त्यांनीच ते कापड मऊ लागतं. जुजदानातला धागा काढायला हात होईना. शेवटी वुजू केलं आणि आतल्या शिवणीतला, बोटाच्या पेराएवढा, घेतला. जळक्या केसांचा वास आला. ताण्याचा धागा सुती निघाला. निव्वळ रेशीम पुरुषाला वर्ज्य, म्हणून आपल्याकडे सूत मिसळलेली कापडं चालली. मशरूचं तर नावच 'शरियतीला मान्य' असं आहे. नमाजी दादांच्या अंगावर हे शोभणारं होतं. ते कापून जुजदान कुणी शिवलं, ते अम्मीलाही ठाऊक नाही.

बकरी ईदला फुप्पी आली. पेटी उघडायच्या आधी मी जुजदान तिच्या हातात दिलं आणि फोटो समोर धरला. चष्मा पुसून तिनं बराच वेळ पाहिलं. बुट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "और टाई?"

मी म्हणालो, "वो भी अपने घर की है, फुप्पी."